मालिका संपते तेव्हा देशाच्या खात्यातून काय वजा होते?

नोव्हेंबर २००८ चा पहिला आठवडा. अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स ही बलाढ्य वित्तसंस्था बुडून दीड महिना उलटला होता. जानेवारीत २१ हजारांची पातळी ओलांडणारा सेन्सेक्स ऑक्टोबरअखेर आठ हजारांच्याही खाली डोकावून आला होता. आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या आठवड्यात दोन वेगवेगळी सुतके पाळली जात होती. वडिलांचे सुतक शेअर बाजाराचे. त्यांच्याकडे समभाग म्हणावेत असे काही नव्हतेच, पण देशाचे कसे होणार याची काळजी होती. आईचे सुतक 'क्योंकि सास भी कभी बहू थी' या मालिकेचे. तब्बल आठ वर्षे चाललेली आणि १८३३ भागांची मजल मारलेली ही मालिका ६ नोव्हेंबरला संपत होती.

"अगं, देश बुडायला निघालाय आणि तुला मालिकेचं पडलंय," वडील म्हणाले. पोळ्या लाटता लाटता आईने शांतपणे उत्तर दिले, "अहो, तो तुमचा आकडा एकवीस हजारांवर गेला होता, तेव्हा या घरात काय आलं होतं? मालिका मात्र रोज येत होती."

त्या वेळी महाविद्यालयात असलेल्या मला हे उत्तर केवळ गमतीचे वाटले. पुढे वृत्तपत्रात आल्यावर दर तिमाहीला विकासदराच्या आणि दर आठवड्याला टीआरपीच्या बातम्या हाताखालून जाऊ लागल्या आणि आईच्या प्रश्नात तथ्य आहे, हे जाणवू लागले. देशाची संपत्ती असो वा मालिकेची लोकप्रियता, दोन्हींचा निकाल अखेर एका आकड्याने लागतो. हे आकडे तयार कसे होतात आणि त्यांतून काय निसटते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

धरण, नदी आणि पावसाचा अंदाज

प्रथम एक गल्लत दूर करू. राष्ट्रीय संपत्ती, राष्ट्रीय उत्पन्न आणि शेअर निर्देशांक हे तीन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात ते तीन निराळ्या गोष्टी सांगतात. कोयनेचे उदाहरण घेऊ. जलाशयात आजघडीला असलेला पाणीसाठा म्हणजे संपत्ती. जमीन, रस्ते, कारखाने, घरे, जंगले, माणसांच्या अंगची कौशल्ये हे सारे त्यात आले. वर्षभरात जलाशयात वाहून आलेले पाणी म्हणजे उत्पन्न. सकल देशांतर्गत उत्पादन अर्थात जीडीपी मोजते ते हे वर्षभराचे वाहते पाणी, साठा नव्हे. आणि सेन्सेक्स? तो यंदा पाऊस कसा पडेल यावर लोक लावत असलेला अंदाज. तोही केवळ ३० कंपन्यांपुरता.

म्हणूनच एखाद्या देशाचे उत्पन्न वाढत असताना त्याची संपत्ती घटत असू शकते. जंगल तोडून लाकूड विकले की ती विक्री उत्पन्नात जमा होते. जंगल गेले याची नोंद मात्र जीडीपीत होत नाही.

वीस रुपयांचा हिशेब

भारताच्या उत्पन्नाचा पहिला गंभीर हिशेब मांडला तो मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेल्या दादाभाई नौरोजी यांनी. प्रांताप्रांतांतील पिके आणि इतर उत्पादन यांची बेरीज करून त्यांनी १८६७-६८ या वर्षासाठी दरडोई वार्षिक उत्पन्न काढले. ते आले २० रुपये. सरकार तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्रावर जेवढा खर्च करते, तेवढेही सामान्य भारतीयाच्या वाट्याला येत नाही, हे त्यांनी सरकारी आकडेवारीच्याच आधारे दाखवून दिले. आपल्याकडे राष्ट्रीय उत्पन्नाचे गणित जन्माला आले ते असे, एक तक्रार म्हणून.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमण्यात आली. प्रशांतचंद्र महालनोबिस अध्यक्ष होते, सदस्यांत व्ही. के. आर. व्ही. राव यांच्यासोबत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. त्यांनी घालून दिलेल्या पायावर आजची इमारत उभी आहे.

या इमारतीतही एकाच वर्षाचे अनेक आकडे नांदतात. ज्या वर्षी आमच्या घरी तो संवाद झाला, त्या २००८-०९ चेच पाहा. तेव्हाच्या पद्धतीने, म्हणजे उत्पादन घटकांच्या किमतीनुसार मोजलेला विकासदर ६.७ टक्के होता. त्याच मालिकेत बाजारभावाने, म्हणजे अप्रत्यक्ष कर मिळवून आणि अनुदाने वजा करून मोजला, तर तो ३.९ टक्के भरत होता. मंदीवर उतारा म्हणून सरकारने कर घटवले होते आणि खते-इंधनावरील अनुदानांचा भार वाढला होता, हे या तफावतीचे मोठे कारण. पुढे २०१८ मध्ये नव्या आधारवर्षानुसार मागील वर्षांचे आकडे पुन्हा काढले गेले, तेव्हा तेच वर्ष ३.१ टक्क्यांवर आले. देश तोच, वर्ष तेच, मोजपट्टी बदलली.

सात हजार घरांचे मत

आता आईच्या सुतकाकडे वळू. मालिका बंद का पडते, याचे सर्वांना ठाऊक असलेले उत्तर म्हणजे 'टीआरपी घसरला'. हा टीआरपी येतो कोठून? निवडक घरांतील दूरचित्रवाणी संचांना 'पीपलमीटर' नावाचे यंत्र जोडलेले असते. संच सुरू झाला की घरातील प्रत्येकाने आपापले बटण दाबायचे. कोणत्या वयाच्या, कोणत्या आर्थिक गटातील व्यक्तीने काय पाहिले, याची नोंद यंत्र ठेवते. त्या मूठभर घरांवरून साऱ्या देशाची आवड ठरवली जाते. शिते तपासून भाताची परीक्षा करावी, तसाच हा प्रकार. पद्धत चुकीची नाही; फक्त शिते सगळ्या पातेल्यातून उचललेली हवीत.

२००८ मध्ये ती तशी नव्हती. त्या वेळी 'टॅम' या संस्थेची यंत्रे देशभरात सुमारे सात हजार घरांत होती आणि ती सारी शहरांत. खेड्यांतील एकही घर त्यात नव्हते. एकेकाळी वीसच्या पुढे टीआरपी मिळवणाऱ्या 'क्योंकि'ची घसरण याच यंत्रांनी नोंदवली आणि जुलै २००८ मध्ये सुरू झालेल्या 'कलर्स' वाहिनीवरील 'बालिका वधू'ची चढणही. प्रेक्षक खरोखरच कंटाळले होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण कोण कंटाळले होते, हे सांगण्याचा अधिकार फक्त शहरांना होता.

२०१५ पासून हे काम 'बार्क' ही संस्था करू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्रामीण घरांची मोजणी सुरू झाली आणि एक मजेशीर गोष्ट उघड झाली. जुन्या, कधीच्या संपलेल्या मालिका दाखवणारी 'झी अनमोल'सारखी मोफत वाहिनी लोकप्रियतेच्या यादीत वर जाऊन बसली. शहरांनी मोडीत काढलेल्या मालिका गावे आवडीने पाहत होती. तो प्रेक्षक त्या दिवशी जन्माला आला नव्हता. तो मोजला मात्र त्या दिवशी प्रथम गेला.

आकड्याला एवढे महत्त्व आले की त्यात ढवळाढवळ करण्याचा मोहही येतोच. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी फेरफाराच्या आरोपांचा तपास सुरू केल्यावर 'बार्क'ने वृत्तवाहिन्यांचे आकडे जाहीर करणे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले.

पडद्यावरची चूल, घरातली चूल

मालिका बंद पडल्याने देशाच्या उत्पन्नात काय फरक पडतो? खरे तर फारसा नाही. त्या जागी दुसरी मालिका येते, तेच साबण आणि तेच मसाले तिच्या मध्यंतरात विकले जातात. कलावंतांचे मानधन, स्टुडिओचे भाडे, सेटवरचा चहा, जाहिरातींचा पैसा हे सारे जीडीपीत जमा होते. प्रेक्षकाला मिळणारा विरंगुळा मात्र त्यात कोठेच नसतो.

याहून मोठी विसंगती पुढे आहे. पडद्यावरची सून सेटवरच्या चुलीपाशी उभी राहते तेव्हा राष्ट्रीय उत्पन्न वाढते. तिच्याकडे पाहत खरीखुरी भाजी निवडणारी गृहिणी मात्र या हिशेबात शून्य. अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी हा पेच फार पूर्वी मांडला होता. एखाद्याने आपल्या घरी पगारावर काम करणाऱ्या बाईशी लग्न केले, तर काम तेच राहूनही राष्ट्रीय उत्पन्न घटते! अमेरिकेत १९३४ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल तयार करणाऱ्या सायमन कुझनेट्स यांनीही या आकड्यावरून देशाचे कल्याण जोखू नका, असे त्याच अहवालात बजावले होते. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेले धान्य उत्पन्नात धरले जाते. आपण स्वतःच्या घरात राहतो, त्याचे काल्पनिक भाडेसुद्धा धरले जाते. त्या घरात रांधणे, धुणे, आजारपण काढणे मात्र धरले जात नाही.

हे काम थोडेथोडके नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर असे काम करणारे पुरुष ८८ मिनिटे. यातील दोनशे एकोणनव्वद मिनिटांनंतर उरणारा अर्धा तास म्हणजे आईची मालिका होती.

२०२० च्या टाळेबंदीत हा विरोधाभास टोकाला गेला. एप्रिल ते जून या तिमाहीत देशाचे उत्पादन आदल्या वर्षीच्या तुलनेत २३.९ टक्क्यांनी घटल्याचा प्राथमिक अंदाज जाहीर झाला. त्याच तीन महिन्यांत घराघरांत दिवसातून चार वेळा ताटे वाढली जात होती, भांड्यांचे ढीग उपसले जात होते, मुलांची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरत होती. चित्रीकरण मार्चमध्येच थांबले होते आणि काही मालिका त्या धक्क्यातून परतल्याच नाहीत. पडद्यावर आले ते १९८७ चे 'रामायण'. १६ एप्रिल २०२० चा त्याचा भाग ७ कोटी ७० लाख प्रेक्षकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले.

येथे धरण आणि नदीचा फरक पुन्हा आठवावा. राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत चित्रपट, मालिका, ध्वनिमुद्रणे यांच्या मूळ प्रती कारखान्यातील यंत्राप्रमाणेच मालमत्ता मानल्या जातात. म्हणजे संपलेली मालिका ही शब्दशः राष्ट्रीय संपत्ती ठरते, जपली तर! एके काळी फिती महाग होत्या म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे मुद्रित केले जात. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळातले कितीतरी कार्यक्रम अशाने कायमचे गेले. 'रामायण' उरले म्हणून अडचणीच्या दिवसांत कामी आले.

किंमत ठरते, पण केव्हा?

गृहिणीच्या कामाची किंमत आपल्याकडे कोणीच ठरवत नाही, असे मात्र नाही. न्यायालये ठरवतात, अपघातात तिचा मृत्यू झाल्यावर. २००१ च्या लता वाधवा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या सेवेचे मूल्य दरमहा ३००० रुपये धरले. २०१० मध्ये, जनगणनेत गृहिणींना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत 'काम न करणारे' म्हणून बसवले जाते, याबद्दल न्यायालयाने खेद व्यक्त केला. जानेवारी २०२१ च्या निकालात तर भरपाई ठरवताना वेळवापर सर्वेक्षणाचाच आधार घेतला गेला. विमा कंपनीला हिशेब द्यायची वेळ आली की जे मोजता येते, ते देशाचा हिशेब मांडताना निदान मुख्य आकड्याशेजारी का छापता येऊ नये? काही देश घरकामाचे असे स्वतंत्र खाते मांडतात. त्यासाठी जीडीपी मोडीत काढण्याची गरज नाही. वेळवापराचे सर्वेक्षण आपल्याकडे २०१९ आणि २०२४ असे दोनदा झाले आहे. म्हणजे कच्चा माल हाताशी आहे.

दादाभाईंनी २० रुपयांचा आकडा काढला, तेव्हा आधी कैद्याच्या ताटाचा खर्च पाहिला होता. आकड्याला माणसाशेजारी ठेवून पाहण्याची ती सवय आपल्याला परवडण्यासारखी आहे.

२९ जुलै २०२५ रोजी 'क्योंकि' नव्या पर्वात परतली. आईने पहिला भाग अथपासून इतिपर्यंत पाहिला. वडील निवृत्त झालेले, वर्तमानपत्र बाजूला ठेवून तेही बसले. "कशी वाटली?" मी विचारले. "बरी आहे," आई उठत म्हणाली, "पण तेव्हा या वेळेपर्यंत माझी भांडी व्हायची बाकी असत." वडील काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी नळ सोडला.