माध्यमिक विद्यार्थ्याची अध्ययनप्रेरणा : वसई-विरार परिसराच्या संदर्भात

माध्यमिक शाळेतील विद्यार्थी अभ्यासात मागे पडू लागला की, त्याच्या ठिकाणी जिद्द नाही, असा निष्कर्ष काढण्याची रीत जुनी आहे. प्रेरणा हा स्वभावाचा गुण असून तो काहींना लाभतो व काहींना लाभत नाही, असे ह्या निष्कर्षामागे गृहीत धरलेले असते. मानसशास्त्रीय संशोधन ह्या गृहीतकास पुष्टी देत नाही. एडवर्ड डेसी व रिचर्ड रायन यांनी १९८५ च्या ग्रंथापासून विकसित केलेल्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार क्षमतेची जाणीव, स्वायत्तता आणि आपलेपणा ह्या तीन गरजा भागतात तेथे प्रेरणा टिकते. त्या भागत नाहीत तेथे ती क्षीण होते.

माध्यमिक टप्प्यावर ह्या प्रश्नास विशेष महत्त्व येते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांचे आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे केले. नववीच्या उंबरठ्यावर ही सक्ती संपते. तेथून पुढे विद्यार्थ्यास शाळेत टिकवून धरावयाचे काम त्याची स्वतःची प्रेरणा आणि तिला जपणारी माणसे यांवर येऊन पडते.

वसई-विरार परिसरात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. चार नगरपरिषदा व लगतची गावे मिळून २००९ मध्ये येथे महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. पश्चिमेस बागायती वाड्या व कोळ्यांच्या वस्त्या, पूर्वेस आदिवासी पाडे आणि रेल्वेमार्गाच्या दोन्ही अंगांस नालासोपाऱ्यासारखी दाट वस्ती, अशी ह्या परिसराची रचना आहे. येथील विद्यार्थ्याची प्रेरणा ज्यांमुळे खचते, अशी तीन अंतरे विचारात घ्यावयास हवीत.

पहिले अंतर काळाचे होय. नववीत प्रवेश करताच विद्यार्थ्यापुढे दहावीची शालान्त परीक्षा उभी केली जाते. ती महिनोन् महिने दूर असते आणि आजचा अभ्यास तिच्या जवळ नेतो की नाही, हे त्यास कळत नाही. अल्बर्ट बॅन्डुरा व डेल शंक यांचा १९८१ चा प्रयोग येथे उद्बोधक आहे. गणितात मागे पडलेल्या मुलांना वजाबाकीची ४२ पृष्ठे सात बैठकांत सोडवावयास दिली. काहींना प्रत्येक बैठकीत सहा पृष्ठांचे उद्दिष्ट ठेवण्यास सुचविले; काहींना सातव्या बैठकीअखेर सर्व पृष्ठे संपविण्याचे. पहिल्या गटाचे कौशल्य, आत्मविश्वास व गणितातील रुची ही तिन्ही वाढली. दूरचे उद्दिष्ट मिळालेली मुले मात्र कोणतेच उद्दिष्ट नसलेल्या मुलांहून सरस ठरली नाहीत. ही मुले प्राथमिक वयाची होती, हे ध्यानात ठेवूनही त्यातील तत्त्व माध्यमिक वर्गास उपकारक आहे. ‘परीक्षेत ८० टक्के’ ह्या उद्दिष्टापेक्षा ‘आज समरूप त्रिकोणांची चार उदाहरणे’ हे उद्दिष्ट विद्यार्थ्यास त्याच्या क्षमतेचा पुरावा त्याच दिवशी देते.

दुसरे अंतर भाषेचे. सामवेदी, वाडवळी, कोळी, वारली ह्या बोली आणि स्थलांतरित कुटुंबांची हिंदी, गुजराती वा भोजपुरी यांपैकी एक बोलत मूल शाळेत येते. पाठ्यपुस्तकाची भाषा यांहून निराळी असते. वाडीतील शिंपण्याविषयी घरी बिनचूक बोलणारा मुलगा विज्ञानाच्या तासाला गप्प बसतो व ते मौन मंदत्व समजले जाते. कालांतराने तोही तसेच समजू लागतो. पहिले उत्तर घरच्या बोलीत देण्याची मुभा मिळाल्यास हे अंतर पुष्कळ कमी होते.

तिसरे अंतर माणसांचे. विरारपासून चर्चगेट सुमारे ६० किलोमीटर आहे. नोकरीसाठी मुंबईस जाणारे पालक सकाळच्या गाडीने निघतात आणि परततात तेव्हा दिवस संपलेला असतो. मुलाच्या अभ्यासाविषयी कळकळ असूनही त्याच्याशेजारी बसण्यास त्यांना अवधी नसतो. अशा वेळी आपलेपणाची गरज भागविण्याचा भार शिक्षकावर व सवंगड्यांवर पडतो.

प्रेरणा वाढविण्याचा रूढ उपाय म्हणजे बक्षीस. दहावीच्या निकालानंतर ज्ञातिसंस्था व मंडळे गुणवंतांचे सत्कार करतात, हे स्तुत्यच आहे. तथापि लेपर, ग्रीन व निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती बालके पुढे स्वेच्छेने कमी चित्रे काढू लागली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्यांत अशी घट आढळली नाही. अर्थात बक्षीस सर्वथा त्याज्य ठरत नाही. ते कामाच्या बदल्यात देऊ केलेले आमिष झाले म्हणजे स्वायत्ततेस बाधा येते. ‘हे तू नीट केलेस’ एवढे सांगणारे प्रोत्साहन मात्र क्षमतेची जाणीव दृढ करते.

रेल्वेचे अंतर कोणत्याही शिक्षकास कमी करता येणार नाही. पहिली दोन अंतरे वर्गाच्या चार भिंतींत कमी करता येतात आणि तिसऱ्याची झळ एका आपुलकीच्या चौकशीनेही सौम्य होते. म्हणून मागे पडलेल्या विद्यार्थ्याविषयी ‘ह्यास जिद्द का नाही?’ असे विचारण्याआधी ‘ह्याच्यापुढे कोणते अंतर उभे आहे?’ असे विचारणे अधिक शास्त्रशुद्ध होय. पहिल्या प्रश्नाने मुलास दोष लागतो. दुसऱ्याने शाळेस काम मिळते.