गोमेचे पाय कसे लिहायचे?



पावसाळ्यात ओल्या जागी फिरणारी गोम तुम्ही पाहिली असेलच. तिच्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक खंडाला पायांची एकेक जोडी असते. समजा, पायांच्या १० जोड्या असलेली गोम तुम्हाला संगणकात तयार करायची आहे. तिचे वर्णन कसे लिहाल?

सरळ मार्ग म्हणजे यादी. २० पाय, प्रत्येकाची लांबी, रुंदी व जाडी. एकूण ६० आकडे झाले. आता या गोमेची उत्क्रांती घडवू. निसर्गात जनुकांमध्ये अधूनमधून आपोआप बदल होतात, तसा आपण चिठ्ठी टाकून एक आकडा बदलला. काय होईल? एकच पाय लांब होईल आणि गोम लंगडेल! सर्व पाय सारखे लांब व्हायला २० योग्य बदल एकदम घडावे लागतील. तसे घडणे जवळजवळ अशक्यच.

दुसरा मार्ग स्वेटर विणणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. हजारो टाक्यांची यादी कोणी करीत नाही. ‘दोन सुलट, दोन उलट, असे ओळ संपेपर्यंत’ एवढी कृती पुरते. गोमेची कृतीही अशीच लिहिता येईल : ‘एक खंड घ्या. त्याला डावीकडे या मापाचा पाय जोडा, तसाच उजवीकडे जोडा. मागे पुन्हा असाच खंड जोडा. असे १० खंड करा.’ यात पायाचे माप बदलले की वीसही पाय एकदम बदलतात. १० चे ११ केले की पायांसकट नवा खंड मिळतो. बदल एकच, पण गोम धडधाकट राहते.

कार्ल सिम्स या अमेरिकी संशोधकाने १९९४ मध्ये अशाच कृतींतून ठोकळ्यांचे आभासी प्राणी घडवले. त्यांची जनुके म्हणजे चौकटी आणि बाण यांची आकृती. चौकटीत ठोकळ्याची मापे, सांध्याचा प्रकार आणि हालचालींवर ताबा ठेवणारे चेतापेशींचे छोटे जाळे असे. पुढचा ठोकळा कोठे जोडायचा, ते बाण सांगे. बाण वळून त्याच चौकटीकडे आला की तोच भाग पुन्हा जोडला जाई. एका पिढीत साधारण ३०० प्राणी असत. संगणक त्यांना आभासी पाण्यात सोडून वेग मोजी. सुमारे एक-पंचमांश प्राणी टिकत. त्यांची जनुके किंचित बदलून किंवा एकमेकांत मिसळून पुढची पिढी तयार होई. अशा शंभरएक पिढ्यांत सापासारखे वळवळत पोहणारे आणि वल्ही मारणारे प्राणी निर्माण झाले! त्यांना पोहायला कोणीच शिकवले नव्हते.

तुमच्या शरीराचेही असेच आहे. पेशी कित्येक लाख कोटी, पण प्रथिने बनवण्याची माहिती देणारी जनुके सुमारे २०,०००. प्रत्येक पेशीची जागा लिहून ठेवायला ती कशी पुरणार? म्हणून शरीर घडते ते नकाशा पाहून नव्हे, तर कृती पार पाडून.

आता हे करून पाहा. कागदावर ८ सें.मी. लांबीची उभी रेघ काढा. तिच्या वरच्या टोकाला निम्म्या लांबीच्या दोन तिरप्या रेघा जोडा. प्रत्येक नव्या टोकावर हीच कृती आणखी दोनदा करा. १५ रेघांचे झाड तयार होईल. मग कृतीत ‘दोन तिरप्या रेघा’ऐवजी ‘तीन’ लिहून पुन्हा काढा. शब्द एकच बदलला, पण रेघा मोजा बरे : ४० भरतील!