फायबरच्या बोटीची गेलेली चमक: रंग मारण्याआधी हे वाचा

बजाजनगरपासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब आहे. तरीही या वसाहतीत बोटीच्या पॉलिशवर लिहिण्याला कारण आहे. वाळूज एमआयडीसीत 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला ही कामगार वस्ती वाढत गेली. बफिंग, रबिंग, पाणी पेपर, रेझिन, हार्डनर हे शब्द इथल्या घराघरांत माहीत आहेत. कोणी कारखान्यात शिकलेला असतो, कोणी डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये. दुसरीकडे तासा-दीड तासाच्या अंतरावर पैठणचे नाथसागर आहे. जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि 1976 मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते ते सुरू झाले. पाणी आहे तिथे बोट आली, आणि बोट आता बहुतेक ठिकाणी लाकडाची राहिली नसून फायबरची झाली आहे. आपल्या कोकणी बांधवांकडे, रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांतही, फायबर रुळले आहे. म्हणजे काम आहे आणि हुनरही आहे. कमी पडते ती नेमकी माहिती, आणि तिच्याअभावी चांगल्या बोटी खराब होतात.

फायबरची बोट चार-पाच वर्षे उन्हात राहिली की पांढुरकी दिसू लागते. हात फिरवला तर खडूसारखी पूड बोटांना लागते. मालक म्हणतो, "रंग उडाला, ऑइल पेंट मारून घेऊ." डबा येतो, ब्रश फिरतो, दोन महिने बोट नवीकोरी दिसते. मग एक पावसाळा जातो आणि रंगाचे पापुद्रे निघतात. पैसे गेलेच, शिवाय पुढच्या वेळी तो सगळा रंग खरवडण्याची दुप्पट मेहनत मागे लागते. असे का होते हे समजायचे तर मुळात तो थर काय आहे ते पाहावे लागेल.

जेलकोट म्हणजे रंग नव्हे

लाकडाच्या बोटीला रंग शेवटी लागतो. फायबरच्या बोटीत उलटे असते. आधी साचा घेतात, त्याला मेण लावून चकचकीत करतात आणि त्यावर पहिला हात जेलकोटचा देतात. जेलकोट म्हणजे रंगद्रव्य मिसळलेले जाडसर पॉलिस्टर रेझिन. तो थोडा आवळला की मागून काचेच्या धाग्यांची मॅट आणि रेझिन यांचे थर चढवतात. साच्यातून बोट काढली की जेलकोट आपोआप बाहेरच्या बाजूला येतो. म्हणून तो वरून चिकटवलेला नसतो, बोटीच्या अंगाचाच भाग असतो. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 मायक्रॉनच्या आसपास. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो तो 40-50 मायक्रॉनचा. गॅरेजमध्ये हात बसलेल्या कारागिराने हा फरक लक्षात ठेवावा. इथे घासायला जागा जास्त आहे, पण ती अमर्याद नाही.

उन्हातले अतिनील किरण या रेझिनची वरची कातडी तोडतात. ती सुटी झालेली पूड म्हणजेच तो खडू. खालचा जेलकोट बहुधा शाबूत असतो. ऑइल पेंट टिकत नाही त्याचे कारण हेच: तो बोटीला चिकटत नाही, पुडीला चिकटतो. पूड सुटली की रंगही सुटतो.

आधी परीक्षा, मग मशीन

काम हाती घेण्याआधी पाच मिनिटांची तपासणी करावी. बोट धुऊन सुकवा आणि एका जागी स्वच्छ पाण्याने ओली करा. ओल्या जागी मूळ रंग गडद आणि भरलेला दिसला, तर पॉलिशने साधारण तसाच रंग परत येईल, असे समजायला हरकत नाही. ओले करूनही रंग फिकाच, डागाळलेलाच राहिला किंवा आतली जाळी, काळपट-हिरवट झाक दिसू लागली, तर जेलकोट संपत आला आहे. त्यावर पॉलिश करणे म्हणजे उरलेसुरले कवचही काढून टाकणे.

दुसरी परीक्षा नाण्याची. नाण्याने हलके ठोकत जा. सगळीकडे टणक आवाज आला पाहिजे. एखाद्या जागी आवाज बसका, पोकळ आला तर आतले थर सुटलेले आहेत. तिथे वरून कितीही चमकवले तरी बोट धोक्याचीच. मालकाला हे तोंडावर सांगावे. माणसे बसणारी बोट आहे, शोकेसमधली वस्तू नाही.

तिसरी गोष्ट फोडांची. पाण्याखाली राहणाऱ्या भागावर छोटे फुगवटे दिसतात. एखादा टोचला तर आतून व्हिनेगरसारख्या आंबट वासाचे पाणी येते. जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपते, आतल्या विरघळणाऱ्या पदार्थांत मिसळते आणि दाब वाढून फोड येतो. लोकांना वाटते खारे पाणीच वाईट. या बाबतीत गोडे पाणी जास्त त्रास देते, कारण ते आत शिरण्याची ओढ अधिक असते. म्हणून धरणात कायम तरंगत्या ठेवलेल्या बोटीचा तळ वर्षातून एकदा तरी बाहेर काढून बघायलाच हवा. फोड असतील तर पॉलिशचे काम थांबवा. ते उघडून, धुऊन, कित्येक आठवडे सुकवून मगच भरावे लागतात.

प्रत्यक्ष काम

साध्या साबणाच्या पाण्याने बोट धुवा. पाण्याच्या रेषेवरचे पिवळे-तांबूस डाग साबणाने जात नाहीत, त्यांना पातळ ऑक्झॅलिक अ‍ॅसिड लागते. ते विषारी आहे. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, नंतर भरपूर पाण्याने धुवा. जुने मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर पॅड घसरत राहील.

इथून पुढे नियम एकच: ज्या सौम्य उपायाने भागते त्याच्यापुढे जायचे नाही. आधी दोन फूट बाय दोन फूट जागेवर नुसते रबिंग कंपाउंड लावून बघा. चमक आली तर पाणी पेपरला हातच लावू नका. नाही आली तर 1500 नंबरचा पेपर, त्याने भागले नाही तर 1000, मग 800. अगदीच खोल ओरखडे असतील तेव्हाच 600. ज्या नंबरला काम झाले तिथून परत चढत जायचे, म्हणजे 800 ने घासले असेल तर त्यानंतर 1000, 1500 आणि जमल्यास 2000. मधली पायरी गाळली की तिचे ओरखडे पॉलिशनंतर उन्हात उठून दिसतात. पेपर ठोकळ्यावर गुंडाळा, पाणी सतत सोडा आणि प्रत्येक पेपरला दिशा बदला. आधीच्या दिशेच्या रेषा गेल्या की पुढचा नंबर घ्या.

आता मशीन. इथे आपले लोक सर्रास चूक करतात. साडेचार इंची ग्राइंडरला लोकरी पॅड लावून चालू करतात. त्या ग्राइंडरचा वेग मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास असतो. काही सेकंदांत जेलकोट तापून जळतो, पिवळा पडतो, कडेला तर थेट मॅट उघडी होते. पॉलिशर वेगळा असतो, सात इंची, वेग कमी-जास्त करता येणारा. कंपाउंडसाठी 1200 ते 1800 फेऱ्या पुरेशा आहेत. पॅड सपाट ठेवा, हात सतत फिरता ठेवा, एका जागी थांबू नका. कंपाउंड सुकू देऊ नका, आणि पॅड भरला की तो ब्रशने साफ करा. बोटीच्या कडा, नाक आणि उभ्या कण्यांवर जेलकोट पातळ असतो, तिथे मास्किंग टेप लावून ठेवा आणि शेवटी हाताने घासा. लोकरी पॅडनंतर मऊ फोम पॅडवर बारीक पॉलिश घ्या.

शेवटचा हात मेणाचा. पॉलिशने चमक येते, ती टिकवण्याचे काम मेण करते. कार्नोबा मेणाचा थर आपल्याकडच्या उन्हात काही महिनेच टिकतो, त्यामुळे वर्षातून दोनदा लावावा. उन्हाळा सुरू होण्याआधीचा हात कधी चुकवू नका. गाडीच्या डॅशबोर्डवर मारतात तो सिलिकॉनचा स्प्रे मात्र बोटीला लावू नका. चमक झटपट येते, पण पुढे कधी जेलकोट भरायचा किंवा रंग द्यायचा झाला तर त्या जागी तो धरत नाही, डोळे-डोळे पडतात.

हे सगळे सावलीत करायचे. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हातल्या फायबरला हात लावता येत नाही, तिथे कंपाउंड लागल्या लागल्या सुकते. सकाळी लवकर सुरू करून दहा-साडेदहापर्यंत थांबलेले बरे.

ओरखडा आणि चीर

जायकवाडीचे पाणी उतरले की काठचे दगड उघडे पडतात आणि बोटीचा तळ खरवडतो. ओरखडा जेलकोटपुरताच असेल तर तो घरच्या घरी भरता येतो. व्ही आकारात थोडा उघडा करा, अ‍ॅसिटोनने पुसा, पूर्ण सुकू द्या. कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील तर मात्र आधी त्या का आल्या ते शोधा. बहुतेक वेळा आतला भाग लवचिक झालेला असतो किंवा मार बसलेला असतो. कारण तसेच ठेवून वरून भरले तर चीर पुन्हा येते.

जेलकोटचा हिशेब सोपा आहे. अर्धा मिलिमीटर जाडीसाठी एका चौरस मीटरला साधारण 600 ग्रॅम लागतो. हार्डनर किती घालायचा ते डब्यावर लिहिलेले असते, सहसा 100 ग्रॅमला 1 ते 2 ग्रॅम. गरमी आहे म्हणून 1 ग्रॅमच्याही खाली गेलात तर तो कच्चा राहतो. त्यापेक्षा थोडे थोडे मिश्रण बनवा. आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात: उघड्या हवेत जेलकोटचा वरचा थर चिकटच राहतो. भरल्यावर त्यावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद दाबून बसवा किंवा मेण मिसळलेला जेलकोट वापरा. थोडा उंच भरा, पूर्ण आवळल्यावर पाणी पेपरने समतल करा. रंग जुळवताना एक ठिपका लावून तो सुकू द्या, मगच ठरवा. ओला आणि सुकलेला रंग एक नसतो.

पोरांच्या फुप्फुसांचा प्रश्न

हा भाग कोणी वाचत नाही, म्हणून जरा सविस्तर. कोरडे घासले तर जेलकोट आणि काचेच्या धाग्यांची बारीक धूळ उडते. रुमाल बांधून ती थांबत नाही. एन-95 किंवा त्याहून चांगला मास्क लागतो, आणि तोही धुळीपुरताच. रेझिनच्या वासात स्टायरीन असते, त्यासाठी कोळशाच्या काडतुसाचा मास्क आणि मोकळी हवा हवी. वास नाकाला सवयीचा झाला याचा अर्थ तो निरुपद्रवी झाला असा नव्हे. जेलकोट संपलेल्या बोटीला दोन डब्यांचा पीयू रंग हा चांगला उपाय आहे, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा साध्या मास्कवर घेतला तर कायमचा दमा जडू शकतो.

रेझिनचा हार्डनर, म्हणजे एमईकेपी, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा घाला. उडालाच तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि लगेच दवाखाना गाठा. हा हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, हार्डनर शेवटी. दोन्ही बाटल्या एकाच कप्प्यात ठेवूही नका. ओल्या जमिनीवर मशीन चालवताना अर्थिंग आणि गळती तोडणारा स्विच हवा. जोडलेल्या, टेप गुंडाळलेल्या वायरवर काम करायला पोराला पाठवू नका, ठेका कितीही मोठा असो.

धुतलेले कंपाउंड, अ‍ॅसिड, अ‍ॅसिटोनची फडकी यांतले काहीही पाण्यात जाऊ देऊ नका. जायकवाडी 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे, आणि शहराच्या व वाळूजच्या नळाला येणारे पाणीही तिथलेच. बोट काठापासून दूर, ताडपत्रीवर घेऊन काम करा.

मशिदीच्या घुमटालाही हेच

हल्ली अनेक गावांत मशिदीचे घुमट आणि मिनार फायबरचे, तयार आणून बसवलेले असतात. तोच जेलकोट, तेच ऊन. हिरवा रंग पांढुरका पडला की कमिटी लगेच रंगाचे कोटेशन मागवते. आधी ओल्या फडक्याची परीक्षा करून बघा, कदाचित पॉलिश आणि मेणावर भागेल. फक्त उंचीचे काम आहे. पक्का पहाड बांधा, कामगाराला कंबरपट्टा द्या. दोर धरून पोर वर चढवू नका.

कोकणात पश्चिम किनाऱ्यावरची 1 जून ते 31 जुलै ही 61 दिवसांची मासेमारी बंदी डागडुजीसाठी सोयीची असते. पण पावसाळी दमट हवेत जेलकोट नीट बसत नाही, त्यामुळे तिथे भरायचे काम शेडखालीच करावे लागते. आपल्याकडे दिवाळीनंतरचा काळ उत्तम. काम झाल्यावर बोट उघड्यावर उलटी टाकून ठेवू नका, नाहीतर सगळे ऊन तळावर येते. ताडपत्री अंगाला घट्ट बांधली तर आत ओल कोंडते. दोन बांबू आडवे टाकून त्यावर हिरवी जाळी किंवा ताडपत्री ताणा, बोट आणि कापड यांच्यामध्ये हातभर जागा सोडा.