पेढीचे अदृश्य दार

पेढीला कुलूप लावून किल्ल्या घरी आणण्याची रीत आपल्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आता खतावणी संगणकात गेली आहे, आणि मागणी नोंदवण्याचे नवे सॉफ्टवेअर तयार करणारा तरुण म्हणतो, ‘‘घरून काम करीन, ऑफिसच्या डेव्हलपमेंट सर्व्हरपर्यंत वाट द्या.’’ मागणी रास्त आहे. विचार करायचा तो वाट कोणती द्यावी याचा.

ऑफिसमधील संगणकांना बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे खासगी पत्ते असतात. ते इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून बाहेरून सर्व्हर थेट गाठता येत नाही. यावर सोपा उपाय म्हणून राउटरवर एखादे पोर्ट उघडले जाते. परंतु ते दार केवळ आपल्या माणसापुरते नव्हे, साऱ्या जगासाठी उघडते. अशी दारे हुडकणारे स्वयंचलित प्रोग्रॅम अहोरात्र फिरत असतात. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपचे ठरलेले पोर्ट ३३८९. मे २०१९ मध्ये त्यातील ‘ब्लूकीप’ नावाचा दोष जाहीर झाला, तेव्हा जुन्या विंडोजमध्ये पासवर्डावाचूनही शिरकाव होऊ शकतो, हे उघड झाले. पोर्टचा आकडा बदलूनही भागत नाही. शोधणारा सगळीच पोर्टे चाचपतो.

सुरक्षित वाट व्हीपीएनची. ‘वायरगार्ड’ हे त्याचे मोफत साधन आहे. त्यात प्रत्येक उपकरणाला स्वतंत्र डिजिटल किल्ली मिळते आणि किल्ली न जुळणाऱ्याला सर्व्हर उत्तरच देत नाही. काही इंटरनेट कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटून देतात. तेथे सर्व्हरने स्वतः बाहेरच्या मध्यस्थ सर्व्हरशी जोडणी करावी, अशी व्यवस्था करावी लागते.

‘चाचणीचाच तर सर्व्हर’ ही समजूत मात्र घातक आहे. चाचणीसाठी त्यावर पुष्कळदा खऱ्या ग्राहकांची नावे, फोन क्रमांक आणि उधारीची प्रतच चढवलेली असते. तेथे काल्पनिक नोंदी वापराव्यात. दिलेली वाट त्या एकाच सर्व्हरपर्यंत जावी, हिशेबाच्या संगणकापर्यंत नव्हे. काम सोडणाऱ्याची किल्ली त्याच दिवशी रद्द करावी. बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून पूर्णपणे अलग ठेवावी.

कर्म ज्या द्वारांनी आत येते तो आस्रव, आणि ती द्वारे रोखणे म्हणजे संवर, हे आपण बालपणापासून ऐकतो. व्यवहारातही हाच क्रम उपयोगी आहे. आधी द्वारे ओळखावीत, मग ती रोखावीत. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती ही आपल्याकडची ठेव आहे. ती आपल्या प्रमादामुळे चोराच्या हाती पडली, तर अचौर्यव्रताचे पालन केल्याचे समाधान कसे लाभेल?

येत्या दीपावलीला वहीपूजनापूर्वी राउटरवरील उघड्या पोर्टांची यादी तंत्रज्ञाकडून मागवून घ्यावी. प्रत्येक पोर्टापुढे ते का उघडे आहे आणि कोणासाठी, हे लिहावे. ज्याचे उत्तर मिळणार नाही, ते त्याच दिवशी बंद करावे.