हरवलेल्या पाण्याची वाट

पाकिस्तानात सिबीहून क्वेट्ट्याकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर आब-ए-गुम नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. आब-ए-गुम म्हणजे हरवलेलं पाणी. एखाद्या शायरानं ठेवावं असं नाव, पण त्यात कल्पनेचा अंशही नाही. बोलान नदी इथं खरोखरच हरवते. वरून वाहत आलेलं पाणी गोट्यांच्या जाड थरात शिरतं आणि दिसेनासं होतं. पात्र तसंच पुढे जातं, रुंद आणि कोरडं ठाक. पाणी असतं, पण तुमच्या पायांखाली.

आणि या लपंडाव खेळणाऱ्या नदीनं भारतीय उपखंडाच्या पश्चिम भिंतीला एक दार पाडलं आहे. बोलान खिंड ती हीच.

खिंड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पावनखिंडीसारखी दोन डोंगरांमधली चिंचोळी फट येते. बोलान खिंड जवळजवळ ९० किलोमीटर लांब आहे! पुण्याहून निघून, लोणावळा ओलांडून खोपोलीला उतरलात तरी ती संपलेली नसेल. तिचं खालचं तोंड कच्छीच्या मैदानात, ढाडर गावाजवळ. वरचं कोलपूरला, समुद्रसपाटीपासून सुमारे १८०० मीटरवर. खाली जवळच असलेल्या सिबीची उंची दीडशे मीटरसुद्धा नाही आणि उन्हाळ्यात तिथला पारा पन्नाशीला टेकतो. सिबी आणि ढाडर घडवल्यावर देवाला नरक वेगळा कशाला करावा लागला, असं विचारणारी एक फारसी म्हणच आहे. याच वाटेनं वर जा, तर क्वेट्ट्यात हिवाळ्यात बर्फ पडतं. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ब्राहुई मेंढपाळ थंडी सुरू झाली की मेंढरं, उंट आणि बायकापोरांसह या खिंडीतून मैदानात उतरत आले आणि उन्हं तापू लागली की परत वर चढत आले. आपल्या धनगरांना पाऊस चालवतो, यांना पारा.

पण हे दार नेमकं इथंच का? फरशीवर सतरंजी पसरा आणि एका बाजूनं हातानं रेटा. घड्या पडतात ना? भारताचा भूभाग कोट्यवधी वर्षं उत्तरेकडे सरकत आशियाला असाच रेटत आला आहे. बलुचिस्तानचे डोंगर म्हणजे त्या रेट्यानं पश्चिम कडेला पडलेल्या घड्या. नकाशात सिबी शोधा. दक्षिणेकडून आलेल्या रांगा आणि पूर्वेकडून वळत आलेली सुलेमान रांग तिथं एकमेकींकडे वाकतात. त्यांच्या बेचक्यात सपाट मैदान पाचरीसारखं आत घुसलेलं दिसेल. वर चढायची वाट नदीनं या पाचरीजवळूनच कोरून ठेवली आहे. आणि ज्या डोंगरांतून ती कोरली, त्यांतला बराचसा खडक चुनखडक, म्हणजे समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ आणि जीवांची कवचं. जिथं आज घोटभर पाण्यासाठी वणवण, तिथल्या भिंती समुद्रानं रचल्या आहेत!

आता खिंडीच्या तोंडाशी जरा थांबू, कारण मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट इथं आहे. ढाडरजवळ बोलान नदीनं आपली वाट बदलली आणि जाताना काठ उभा कापत नेला, केकचा तुकडा कापावा तसा. त्या कापात एकाखाली एक जुनी वस्ती दिसू लागली. १९७४ मध्ये जाँ-फ्रान्स्वा जारीज यांच्या फ्रेंच पथकानं तिथं उत्खनन सुरू केलं. ते मेहरगढ. हडप्पा आणि मोहेंजोदडोची शहरं वसायच्या हजारो वर्षं आधी इथं माणसं कच्च्या विटांची घरं बांधून राहत होती, जव आणि गहू पिकवत होती, गुरं पाळत होती.

आणि दात कोरत होती. हो, जिवंत माणसांचे! इथल्या दफनभूमीतल्या ९ माणसांच्या ११ दाढांमध्ये संशोधकांना नेटकी गोल भोकं सापडली. त्यांचा काळ त्यांनी २००६ साली ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीचा सांगितला. मेल्यावर पाडलेली भोकं असतील ती, असं तुम्ही म्हणाल. पण भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत. म्हणजे त्यानंतरही ती माणसं जेवत होती, चावत होती. हत्यार कुठलं? मेहरगढला मणी घडवणारे कारागीर होते आणि गारगोटीच्या टोकदार पात्यानं मण्याला भोक पाडणं हा त्यांचा हातखंडा. संशोधकांनी तसलंच पातं धनुष्याच्या दोरीनं फिरवून पाहिलं, तर मिनिटभराच्या आत दाताला भोक पडलं. दुखऱ्या दाढेवर मणेऱ्याचे हात!

तिथल्याच एका थडग्यात तांब्याचे मणी मिळाले. एका मण्याच्या भोकात, ओवलेल्या दोऱ्याचे तंतू तांब्याच्या क्षारांत मुरून टिकून राहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते निघाले कापसाचे. कापसाच्या वापराचा याहून जुना पुरावा जगात क्वचितच असेल. यवतमाळच्या शेतात बोंड फुटतं, त्या गोष्टीचं एक टोक या वाळवंटी खिंडीच्या दारात आहे.

या खिंडीतून चढ-उतार करणाऱ्या ब्राहुई लोकांची भाषाही ऐकण्यासारखी आहे. त्यांचे शेजारी बलुची, पश्तो, सिंधी बोलतात. ब्राहुईत मात्र डोळ्याला ‘खन’ म्हणतात आणि तीनला ‘मुसि’. सोलापूर-कोल्हापूरकडच्यांचे कान लगेच टवकारतील, कारण कानडीत डोळा म्हणजे ‘कण्णु’ आणि तीन म्हणजे ‘मूरु’. ब्राहुई ही द्राविडी कुळातली भाषा, आपल्या बहिणींपासून इतक्या दूर! ती इथं कशी, यावर भाषातज्ज्ञ अजून भांडताहेत.

अशा दारातून सैन्यं जाणारच. १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीची फौज अफगाणिस्तानवर चालून गेली ती इथूनच, आणि तिच्यात मुंबई इलाख्याची तुकडी होती, पूना हॉर्सचे स्वारही होते. चारापाण्यावाचून त्या फौजेचे उंट वाटेत हजारोंनी मेले.

मग रेल्वे आली. १८७९-८० मध्ये सिंधमधल्या रुकपासून सिबीपर्यंत सुमारे २१५ किलोमीटर रूळ १०१ दिवसांत टाकले गेले. लंडनमध्ये सरकार बदललं, काम थांबलं. रशियाच्या धास्तीनं १८८३ मध्ये पुन्हा सुरू झालं, पण गुपचूप. कागदोपत्री त्याचं नाव होतं ‘हरनाई रस्ता सुधारणा योजना’! तो मार्ग हरनाईकडून वळसा घेणारा. बोलानमधून थेट रूळ १८८५-८६ मध्ये पडले आणि घाईघाईत नदीच्या पात्रातूनच नेले गेले. कोरड्या पात्राला भ्यायचं कशाला? मग दूर डोंगरांत पाऊस पडला, लोंढा आला आणि रूळ, पूल सगळं वाहून गेलं.

अभियंते शहाणे झाले. नवा मार्ग त्यांनी उंचावरून, बोगद्यांतून नेला. एका बोगद्याला मुख्य अभियंत्याच्या बायकोचं नाव आहे, मेरी जेन. चढ कसला म्हणाल, तर २५ मीटर पुढे जाताना गाडी एक मीटर वर चढते. आपल्या बोरघाटात त्यासाठी ३७ मीटर मिळतात आणि तरीही कर्जतला मागून इंजिनं जोडावी लागतात. उतरताना ब्रेक निकामी झाले तर? त्यासाठी मुख्य रुळाला फुटून डोंगरावर चढत जाणाऱ्या बाजूच्या लाइनी आहेत. सांधा नेहमी त्या लाइनीकडेच लावलेला असतो. गाडी आधी थांबायची, ताब्यात आहे हे दाखवायचं, मगच सांधेवाला खालची वाट उघडणार. सुटलेली गाडी आपोआप चढावर जाते आणि तिचा वेग चढच खाऊन टाकतो.

नदीवर मात्र असा उपाय नाही. ऑगस्ट २०२२ च्या महापुरात बोलान पुन्हा फुगली आणि हिरोकजवळचा रेल्वेचा पूल घेऊन गेली. क्वेट्ट्याची गाडी महिनोन्‌महिने बंद राहिली. मग नवा पूल उभा राहिला आणि गाड्या पुन्हा धावू लागल्या. लोंढा ओसरल्यावर आब-ए-गुमला पात्रात उरतात ते गोटे आणि त्यांच्या खालून चाललेलं पाणी.