युद्धनौकेचे प्लास्टिक किट : चित्र नको, माल पाहा

कापडाचा सौदा करताना थानाचा वरचा पदर पाहून कोणी पैसे मोजत नाही. थान उलगडून उजेडात धरले जाते, किनार चाचपली जाते. पण मुलांच्या हौसेखातर जहाजाचे किट घ्यायची वेळ आली की भलेभले जाणकार खोक्यावरच्या रंगीत चित्रावर भाळतात. सुलतानपूरहून समुद्र कितीतरी दूर, तरी हा माल आता कुरिअरने आपल्या भागातही येतो. परदेशी खेळण्यांवरील आयात शुल्क 2020 साली 20 वरून 60 टक्के आणि 2023 साली 70 टक्के झाले, तेव्हा खरेदीत चूक परवडणारी नाही.

पहिला हिशेब मापाचा. खोक्यावर 1/350 किंवा 1/700 असे प्रमाण छापलेले असते. जपानची ‘यामातो’ ही युद्धनौका 263 मीटर लांब होती. 350 ने भागले तर मॉडेल 75 सेंटिमीटरचे, 700 ने भागले तर साडेसदतीसचे भरले पाहिजे. फरक मोठा निघाला तर ते नुसते खेळणे समजावे.

दुसरी गोष्ट साच्याची, आणि इथेच गिऱ्हाईक जास्त फसते. वितळलेले पॉलिस्टायरिन पोलादी साच्यात दाबून भाग काढतात. साचा झिजला किंवा नीट मिटला नाही की कडेला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा सुटतो. जाड भाग थंड होताना आकसला की वर खळगा पडतो. साच्याचे दोन अर्धे सरकले तर तोफेची नळी गोल न राहता पायरीसारखी होते. पापुद्रा ब्लेडने निघतो, खळगा पुटीने भरतो, पण सरकलेल्या नळीवर इलाज नाही. ती बदलावीच लागते.

नुसत्या कंपनीच्या नावावरही विसंबू नये. तामिया ही या धंद्यातली नामांकित जपानी कंपनी. तिची 1/350 ची ‘यामातो’ 1978 साली आली आणि 2011 साली पूर्ण नव्या साच्यातून पुन्हा निघाली. जहाज तेच, प्रमाण तेच, पण मालात जमीन-अस्मानाचा फरक. एकाच गिरणीचे दोन लॉट सारखे नसतात, तसेच हे. म्हणून दुकानदाराला साचा कोणत्या सालचा, हे आधी विचारावे. जुना साचा नव्या खोक्यात घालून विकणे या धंद्यात सर्रास चालते.

खोका उघडायला मिळाला तर जहाजाचा सांगाडा सपाट काचेवर ठेवावा. टोके उचलली गेली तर तो वाकलेला आहे. मग कठडे पाहावेत. खऱ्या कठड्याची 3 सेंटिमीटरची सळई 1/700 मध्ये केसापेक्षाही बारीक होते. इतके बारीक प्लास्टिक साच्यातून निघत नाही, म्हणून चांगल्या किटमध्ये कठड्यांसाठी पितळेचा कोरीव पत्रा देतात किंवा तो वेगळा विकतात. प्लास्टिकचे जाड कठडे लावले की युद्धनौका कुंपण घातलेल्या मळ्यासारखी दिसते!

आपल्या नौदलाचे जहाज करायचे असेल तर एक वाट आहे. ‘आयएनएस दिल्ली’ ही क्रूझर म्हणजे पूर्वीची ‘अकिलीस’. 1939 च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत ती होती, 1948 साली ती भारताकडे आली आणि 1978 पर्यंत सेवेत राहिली. तिच्याच जातीच्या ‘अजॅक्स’चे किट एअरफिक्सने 1/600 मध्ये काढले होते. पण ‘अजॅक्स’वर तोफांचे चार बुरूज, ‘अकिलीस’चा मागचा एक बुरूज दुसऱ्या महायुद्धातच काढला गेला. खोक्यातले चारही चिकटवले तर ती ‘दिल्ली’ होणार नाही.

लहान मुलांसाठी घेणाऱ्यांनी वय अवश्य वाचावे. 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. बारीक भाग, ब्लेड आणि उग्र वासाचा गोंद हे लहानग्यांच्या हाती देण्याचे काम नाही. पावसाळ्यात पार्सल आले तर चिन्हांचे कागद आधी तपासावेत. त्यांच्या पाठीला गोंद असतो, आणि ओल लागली की ते एकमेकांना चिकटून निकामी होतात.