भुताला पत्ता लागतो!

शुक्रवारी लॉगआऊट केलंत, दिघोरीच्या पुढे उमरेड रोड पकडलात आणि सरळ निघालात, तर उमरेडनंतर भिवापूर येतं. नागपूरकराला भिवापूर म्हटलं की आधी मिरची आठवते. मग कऱ्हांडल्याचा वाघ. भूत मात्र कुणालाच आठवत नाही! आता भूतच म्हणाल तर ते कोकणात असतं. तिथे वाडा असतो, विहीर असते, माड असतात आणि धो धो पाऊस असतो. सिनेमावाल्यांनी आणि सीरियलवाल्यांनी ते आपल्या डोक्यात इतकं फिट बसवलंय, की विदर्भात भूत राहूच शकत नाही असं आपल्याला वाटायला लागलंय.

गंमत पुढेच आहे. गेल्या काही वर्षांत ज्या एका हॉरर सिनेमाबद्दल मराठी माणूस कॉलर ताठ करून बोलतो, त्याची सुरुवात कोकणात झालीच नाही. ती झाली आपल्या नागझिऱ्यात!

जंगलात ऐकलेली गोष्ट

साल १९९३. राही अनिल बर्वे तेव्हा शाळकरी वयाचा. ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वेंचा हा मुलगा. नागझिरा अभयारण्यातल्या मुक्कामात एका मित्राने त्याला नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली आणि पोराची पार तंतरली. ती भीती काही डोक्यातून जाईना. १९९७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याने तिच्यावरून पटकथेचा पहिला खर्डा लिहिला. सिनेमा पडद्यावर यायला १२ ऑक्टोबर २०१८ उजाडलं. तोच ‘तुंबाड’! व्हेनिसच्या महोत्सवात क्रिटिक्स वीकची सुरुवात याच सिनेमाने झाली. सिनेमॅटोग्राफी, कलादिग्दर्शन आणि साऊंड डिझाइन अशी तीन फिल्मफेअर अवॉर्ड्सही मिळाली. २०२४ मध्ये तो पुन्हा थिएटरला लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त धंदा करून गेला. बोला आता!

पण खरा ट्विस्ट वेगळाच आहे. बर्व्यांनी बऱ्याच वर्षांनी धारपांची मूळ कथा शोधून वाचली, तेव्हा ती त्यांना तितकीशी भीतीदायक वाटली नाही. म्हणजे घाबरवलं ते कागदाने नाही, मित्राच्या सांगण्याने. पुस्तकावरून सिनेमा किंवा सीरियल करणाऱ्या प्रत्येकाने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं. आपण प्लॉट उचलत नसतो, भीती उचलत असतो. आणि भीती हा प्रकार फार नाजूक. एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतताना अर्धी सांडतेच.

आजी कुणाची?

धारपांच्या त्या कथेचं नाव ‘आजी’. तिच्यामागे आहे स्टीफन किंगची १९८४ ची ‘ग्रॅमा’. आई मोठ्या मुलाच्या अपघातामुळे घराबाहेर गेलेली, आणि धाकटा पोरगा त्या विचित्र, अंथरुणाला खिळलेल्या आजीबरोबर घरात एकटा. आता ‘तुंबाड’चा पहिला भाग आठवा. भाऊ जखमी होतो, आई त्याला घेऊन जाते आणि विनायक उरतो साखळदंडातल्या आजीबरोबर. किंगच्या कथेत ‘हस्तुर’ नावाचा उल्लेख येतो, सिनेमात ‘हस्तर’ आहे. हे नाव किंगचंही नाही बरं का. अँब्रोस बिअर्सने १८९१ मध्ये ते वापरलं तेव्हा हस्तुर हा मेंढपाळांचा साधासुधा देव होता! पुढे चेंबर्स, लव्हक्राफ्ट असे हात बदलत तो बिघडत गेला आणि शेवटी आपल्याकडे येऊन सोन्याच्या मुद्रा घेऊन बसला.

मग ‘तुंबाड’ ही नक्कल का? अजिबात नाही. किंगची आजी अमेरिकेतल्या एका घरातली. ‘तुंबाड’ची आजी उभी आहे १९१८ सालच्या ब्राह्मणी वाड्यात, विधवांच्या वाट्याला आलेल्या लाचारीत आणि खजिन्याच्या हावेत. गोष्ट १९१८, १९३३, १९४७ अशी पुढे सरकते आणि भुताचं काम संपून माणसाच्या लोभाचं काम सुरू होतं. सिनेमाचं नावही श्री. ना. पेंडसेंच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेलं. थोडक्यात, भूत आयात केलं तरी चालतं. त्याला इथला पत्ता मिळाला पाहिजे.

धारपांना हे नेमकं कळत होतं. त्यांची ‘लुचाई’ हा किंगच्या ‘सेलम्स लॉट’चा मराठी अवतार, हे त्यांच्या फॅन्सना तोंडपाठ आहे. मूळ कादंबरी १९७५ ची, अमेरिकेतल्या एका छोट्या गावातली. पण धारप वाचताना तो रक्तपिपासू परका वाटत नाही. आपल्याच गल्लीच्या टोकाला भाड्याने राहायला आल्यासारखा वाटतो!

सीरियलचं भूत वेगळं

मोठा पडदा ठीक आहे हो, पण टीव्हीचं काय? झी मराठीने २०१८ मध्येच धारपांच्या कादंबरीवरून ‘ग्रहण’ आणली. पल्लवी जोशी बऱ्याच काळाने मराठी मालिकेत दिसली, म्हणून तिची चर्चाही झाली. पण कादंबरीवरून डेली सोप करायचा म्हणजे एक मूलभूत भांडण आहे. भयकादंबरी शेवटाकडे धावत असते आणि रोजच्या मालिकेला शेवट परवडत नाही. कादंबरीत दार एकदाच उघडतं. मालिकेत ते सोमवारी करकरतं, मंगळवारी अर्धं उघडतं, बुधवारी मांजर निघते. मधे साबणाची जाहिरात!

म्हणूनच २०१६ च्या ‘रात्रीस खेळ चाले’ने वेगळा रस्ता घेतला. ती कुठल्या कादंबरीवर नव्हती, थेट मालिका म्हणूनच लिहिलेली. त्यामुळे नाईकांच्या घरातली भांडणं, वाटण्या आणि टोमणे यांवर एपिसोड चालले, आणि भीती तोंडी लावायला राहिली. दुसऱ्या पर्वात तर अण्णा आणि शेवंता भुतापेक्षा मोठे झाले.

रत्नाकर मतकरींचं गणित याहून सोपं आणि हुशार होतं. त्यांच्या गूढकथा ‘गहिरे पाणी’मधून टीव्हीवर आल्या. एक कथा सुरू झाली की ती संपायची, ताणाताणी नाही. शिवाय मतकरींची भीती राहायची फ्लॅटमध्ये, ऑफिसात, शेजारच्या सभ्य माणसाच्या हसण्यात. तिला ना वाडा लागायचा, ना स्पेशल इफेक्ट. मतकरी स्वतः नाटककार. काय दाखवायचं यापेक्षा काय दाखवायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. २०२० मध्ये ते गेले. पण आजच्या वेबसीरिजवाल्यांनी त्यांच्याकडून शिकावं ते हेच.

लेखकाचं आणि दिग्दर्शकाचं जमतंच असं नाही, हेही खरं. कुब्रिकचा १९८० चा ‘द शायनिंग’ जगाने डोक्यावर घेतला, पण किंगला तो कधीच पटला नाही. शेवटी १९९७ मध्ये त्याने स्वतःच्या पटकथेवरून त्याची टीव्ही मालिका करून घेतली. पुस्तकाशी प्रामाणिक कोण? मालिका. आठवतो कोणता? सिनेमा! निष्ठा ही वेगळी गोष्ट आणि भीती वेगळी.

हक्काचं काय?

इथे मात्र थोडं सीरियस होऊया. तुमच्यातले कित्येक जण हल्ली शनिवारी-रविवारी कॅमेरा घेऊन शॉर्टफिल्म करतात. ‘धारपांची गोष्ट आहे, करून टाकू,’ असं मनात असेल तर थांबा. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराईट राहतो. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे हक्क २०६८ च्या अखेरपर्यंत. नुसत्या कल्पनेवर कुणाची मालकी नसते, तिच्या मांडणीवर असते, असं सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्ये एका नाटक-सिनेमाच्या खटल्यात सांगितलं. ‘घरात एकटा मुलगा आणि आजी’ ही कल्पना सगळ्यांची. पण प्रसंगांचा क्रम, पात्रं आणि मांडणी उचललीत, तर परवानगी घ्यायलाच हवी.

आणि हा नुसत्या पैशांचा मामला नाही. धारपांनी शंभरावर पुस्तकं लिहिली. सर्क्युलेटिंग लायब्ररीत त्यांची पानं निखळेपर्यंत वाचली गेली. पण साहित्याच्या मांडवात त्यांना कुणी पाट मांडला नाही. भयकथा म्हणजे प्रवासात वाचून सोडून द्यायची चीज, असंच समजलं गेलं. आज त्याच कथांवर पडदा उभा राहतोय. निदान श्रेयनामावलीत तरी त्यांचं नाव ठळक अक्षरांत यायला हवं की नको?

आता नंबर आपला

२०१३ मध्ये ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्यातून निघाला आणि उमरेड-कऱ्हांडल्यात येऊन राहिला. भिवापूर तालुक्याचा काही भाग याच अभयारण्यात येतो. २०१६ मध्ये जय गायब झाला तो झालाच. धारपांची गोष्टही त्याच नागझिऱ्यातून निघाली, फक्त ती इकडे न वळता थेट कोकणात गेली. वळली असती तर?

जरा विचार करा. आपल्याकडे पाऊस नसेल तेवढा, पण मे महिना आहे! भर दुपारी बाराची वेळ वाईट, असं आपल्या आज्या सांगायच्या. पारा पंचेचाळीसवर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि भिवापूरच्या सातऱ्यावर मिरचीचे लालभडक ढीग. ठसक्याने डोळ्यांत पाणी, त्यामुळे समोर उभं असलेलं माणूस आहे की अजून काही, ते धड दिसतच नाही. अंधार कशाला हवा? २०१९ च्या ‘मिडसोमार’ने लख्ख उन्हात घाबरवून दाखवलंच आहे. शिवाय नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. ज्या गाडीची वेळ गावाला पाठ होती, ती बंद पडल्यावर तिची शिट्टी ऐकू येणं यापेक्षा साधा हॉरर सीन कुठला? आणि ‘चकवा’ तर आपला घरचाच. त्याच त्या पांदणीवरून फिरून फिरून माणूस पुन्हा तिथेच येतो.

म्हणजे माल भरपूर आहे. कमी आहेत ते सांगणारे. नागझिऱ्यात गोष्ट सांगणाऱ्या त्या मित्राकडे ना कॅमेरा होता, ना बजेट. तरी त्याने एका पोराला पंचवीस वर्षं कामाला लावलं!

या वीकेण्डला एवढं कराच

• आधी धारपांची ‘लुचाई’ वाचा, मग ‘सेलम्स लॉट’. काय बदललं याची यादी करा. तीच तुमची पटकथेची पहिली शिकवणी.

• ‘तुंबाड’चा पहिला भाग एकदा आवाज बंद करून बघा. मग आवाज लावून. भीती किती कानांतून येते ते कळेल.

• मतकरींची एक गूढकथा घ्या आणि मित्रांना पुस्तकाशिवाय, तोंडी सांगा. ज्या जागी ते मोबाइल खाली ठेवतील, तिथे तुमचा सीन सुरू होतो.

• गावाकडच्या आजी-आजोबांना चकव्याबद्दल विचारा, आणि बोलतील ते मधे न तोडता रेकॉर्ड करून घ्या. ती कादंबरी अजून कुणी लिहिलेली नाही.